वाकळीवरचे धोटे आणि ‘याचा अर्थ काय?’

प्रिय ताई,

मी इचलकरंजीची. कोल्हापुरात जी. डी. आर्ट केलं, आता एका शाळेत चित्रकला शिकवते आणि उरलेल्या वेळात स्वतःचं काम करते. आप्पांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या कारखान्यात यंत्रमाग चालवले, आई सुताच्या कांड्या भरायची. ते माग भंगारात गेले तेव्हा आप्पांनी पाच धोटे, म्हणजे मागावर आडवं सूत इकडून तिकडे नेणारे होडीच्या आकाराचे लाकडी तुकडे, घरी आणून ठेवले होते. गेल्या वर्षी मी एक मोठं काम केलं. सहा बाय चार फुटांच्या प्लायवर आईनं शिवलेली जुनी वाकळ लावली, पण खालची बाजू वर करून. तिच्यावर धोटे आणि रिकाम्या कांड्या, आई घालते तसल्याच धावदोऱ्यानं शिवलेल्या. दोरा वाकळीच्या बाहेर प्लायवरही नेला, भोकं पाडून. कडेला आप्पांच्या हिशोबाच्या वहीची पानं चिकटवली आणि त्यांच्यावर चुन्याचा हात फिरवला, कारण आपली मजुरी चार लोकांनी वाचलेली आप्पांना आवडली नसती.

कोल्हापूरच्या प्रदर्शनात एका गृहस्थांनी विचारलं, ‘याचा अर्थ काय?’ मी म्हटलं, ‘तुम्हाला वाटेल तो.’ ते हसून पुढे गेले, मला मात्र दिवसभर चोरी पकडल्यासारखं वाटत राहिलं. आप्पांनी काम पाहिलं आणि एवढंच म्हणाले, ‘मधला धोटा उलटा लावलायस.’ आता मुंबईच्या एका गॅलरीनं हे काम मागितलंय आणि सोबत दीडशे शब्दांत ‘भूमिका’ मागितलीय. एका मित्रानं लिहून दिली : ‘स्मृती, विस्थापन आणि श्रमिक अस्मितेचा शोध’. वाचताना वाटतं, हे दुसऱ्याच कुणाच्या कामाबद्दल आहे. खरं सांगते, काम करताना मनात कुठलाच अर्थ नव्हता, हात चालत होता. मग आता अर्थ तयार करून लिहायचा का? की अर्थाशिवायच केलं मी हे सगळं?

– एक वाचक, इचलकरंजी

प्रिय मैत्रिणी,

तयार करून काही लिहू नका. आणि अर्थाशिवाय काम केलं असंही मनात आणू नका, कारण तो तुमच्या पत्रातच तीन ठिकाणी आलाय आणि तुम्ही प्रत्येक वेळी एका वाक्यात तो सांगून पुढे गेलात. वाकळीची खालची बाजू वर केली. दोरा वाकळीच्या बाहेर नेला. हिशोबावर चुना फिरवला. यातलं काहीही आपोआप होत नाही. प्लायला भोकं पाडून त्यातून सुई काढायला किती वेळ लागतो आणि बोटांचं काय होतं, हे मला ठाऊक आहे. ज्या बाईला काही म्हणायचंच नाही ती दोरा वाकळीच्या काठाशी गाठ मारून तोडते आणि मोकळी होते.

‘काम करताना मनात अर्थ नव्हता’ हे वाक्य मी तरुण चित्रकारांकडून इतक्यांदा ऐकलंय की त्याच्या मागचा समज आता मला पाठ झालाय. आधी अर्थ ठरतो, मग तो चित्रात भरला जातो आणि बघणाऱ्यानं तो पुन्हा बाहेर काढायचा, असा तो समज. तशीही कामं असतात. पण तशा कामात एकदा उत्तर सापडलं की दुसऱ्यांदा बघायला फारसं काही उरत नाही. तुम्ही वस्तू घेऊन बसलात, एकेक लावून पाहिली, काही ठेवल्या, काही काढल्या. त्या ठेवण्या-काढण्यातच तुमचा विचार चालला होता. तो शब्दांत नव्हता एवढंच.

वस्तू घेऊन केलेल्या कामाचं एक वेगळेपण मात्र समजून घ्या. ट्यूबमधला तांबडा रंग तुमच्या हातात येतो तेव्हा त्याला मागचं आयुष्य नसतं. धोटा येतो तो वापरून झिजलेला येतो, आणि तुम्ही त्याला हात लावायच्या आधीपासून तो काहीतरी सांगत असतो. 1912 मध्ये पिकासोनं एका लंबगोल कॅनव्हासवर मेणकापडाचा तुकडा चिकटवला. त्या कापडावर खुर्चीच्या वेताची वीण छापलेली होती. कॅनव्हासच्या कडेनं चौकटीऐवजी त्यानं दोर गुंडाळला. वेताची वीण त्याला सहज रंगवता आली असती. त्यानं ती कारखान्यातून छापून आलेलीच घेतली, आणि तिथून पुढे चित्रात खुद्द वस्तू यायला लागली. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत चित्रकार कुर्ट श्विटर्स ट्रामची तिकिटं, वेष्टनं, जाहिरातींचे कपटे चिकटवून चित्रं करत बसला. म्हणजे तुम्ही जे करताय त्याला शंभर वर्षांहून जुनी परंपरा आहे. आपण काहीतरी चमत्कारिक करून बसलोय आणि आता त्याचा खुलासा द्यायचाय, असं वाटून घ्यायचं कारण नाही.

तुमच्या कामाच्या सगळ्यांत जवळचं काम मला आठवतं ते अमेरिकन चित्रकार रॉबर्ट राउशनबर्गचं, 1955 सालचं. उशी, चादर आणि पांघरायची गोधडी त्यानं लाकडी आधारावर बसवली, वर रंग ओतला, फासला आणि तो बिछाना चित्र म्हणून भिंतीवर उभा टांगला. आज तो न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे. बघणाऱ्यांपैकी अनेकांना त्यात खून झाल्यासारखं, अत्याचार झाल्यासारखं दिसलं. स्वतः राउशनबर्गला ते आपलं अतिशय मायाळू चित्र वाटायचं. कुणाला त्यात शिरून झोपावंसं वाटेल, एवढीच भीती आपल्याला वाटत आली, असं तो सांगायचा. दोघांचंही खरं आहे. पण तो काय करतोय ते बघा. लोकांना वेगळं दिसलं म्हणून तो भांडत बसला नाही, आणि ‘तुम्हाला वाटेल तो अर्थ’ म्हणून बाजूलाही झाला नाही. आपल्याला काय वाटतं ते त्यानं सांगितलं.

म्हणून त्या गृहस्थांना तुम्ही दिलेलं उत्तर मला पटलं नाही, आणि दिवसभर तुम्हाला जे वाटत राहिलं ते योग्यच वाटलं. ते उत्तर नम्र वाटतं, पण विचारणाऱ्याला ते दारातूनच परत पाठवतं. त्या माणसानं थांबून विचारलं होतं. प्रदर्शनात किती लोक थांबतात, हे तुम्हाला माहीत आहे.

बोलणं सगळ्यांनाच जमलं पाहिजे असंही नाही. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधूनच शिकून निघालेले आपले दोन मोठे चित्रकार घ्या. वासुदेव गायतोंडे आपल्या चित्रांबद्दल फार कमी बोलले. प्रभाकर बरवे वर्षानुवर्षं वह्या लिहीत राहिले. वस्तू, तिचा आकार, तिची सावली, रिकामी जागा यांच्यावर त्यांनी मराठीत इतकं बारकाईनं लिहिलंय की आजही चित्रकार ते वाचतात. तुमचा स्वभाव गायतोंड्यांकडे झुकणारा असेल तर गॅलरीला सरळ कळवा की भूमिका देणार नाही, फक्त माध्यमाची नोंद देईन. तेही चालतं. पण तुमचं पत्र वाचून मला तसं वाटत नाही. तुम्हाला सांगायचंय, फक्त मित्रानं दिलेल्या शब्दांत सांगायचं नाहीये.

मग कसं सांगायचं? कामासमोर बसा, शक्यतो दिवसाच्या उजेडात, आणि प्रत्येक वस्तूला दोनच गोष्टी विचारा. तू माझ्याकडे येण्याआधी काय होतीस, आणि मी तुझं काय केलं? ‘मला यातून काय म्हणायचंय’ हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा. त्याच प्रश्नानं मित्राला ‘अस्मिता’पर्यंत नेलं.

तुमच्या वतीनं मी थोडं करून बघते. पत्रावरून जेवढं कळलं तेवढ्यावरच, तेव्हा चुकत असेल तिथं खोडा.

वाकळीची वरची बाजू बाई दाखवण्यासाठी करते. चिंध्या निवडून, रंग जुळवून, कोपरे नीट बसवून. खालची बाजू अंगाला लागणार, म्हणून तिथं धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं जातं. त्या बाजूला माणूस झोपलेला असतो. घामाचे, तेलाचे, तान्ह्या पोराचे डाग तिथंच. तुम्ही ती बाजू भिंतीवर आणलीत. का आणलीत, हे मला सांगता येणार नाही, तुम्हालाच सांगावं लागेल. वरची बाजू फार सुंदर होती आणि लोक नुसती कलाकुसर बघून गेले असते म्हणून? की आईला कुणी बघितलं नाही तिथूनच सुरुवात करायची होती म्हणून? ही दोन अगदी वेगळी कामं आहेत. तुमचं कोणतं?

आता कांड्या. आई कांड्या भरायची, असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. भरलेली कांडी कुठं जाते? धोट्याच्या पोटात. धोटा मिनिटाला शंभराहून जास्त वेळा ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांच्या, आरपार इकडून तिकडे फेकला जातो, कांडी उलगडत जाते आणि त्या सुताचं कापड होतं. म्हणजे एकाच कारखान्यात असतील तर आईनं भरलेलंच सूत आप्पांच्या मागावर विणलं गेलं असेल, आणि त्या कापडावर दोघांपैकी कुणाचंच नाव नाही. तुम्ही धोटे आणि कांड्या शेजारी-शेजारी ठेवल्यात आणि आईच्या टाक्यानं जोडल्यात. कांड्या मात्र रिकाम्या ठेवल्यात. हे तुम्हाला लावताना सुचलं की वस्तू हाताशी होत्या म्हणून आल्या, याला माझ्या लेखी महत्त्व नाही. आता तुम्हाला ते दिसतंय का, एवढंच बघा. दिसत असेल तर ते तुमचं आहे.

इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी 1904 मध्ये पहिला यंत्रमाग सुरू केला, आणि त्यानंतर घराघरांतून, गल्लीगल्लीतून धोट्याचा आवाज यायला लागला. आता रेपिअर आणि एअरजेट या नव्या मागांवर धोटाच लागत नाही. साधे माग किलोच्या भावानं जातात. आप्पांनी त्या ढिगातून पाच धोटे उचलून घरी आणले, कुणी सांगितलं नसताना. तुमच्या कामाची पहिली निवड त्यांनी केलीय, आणि माझ्या मते हे भूमिकेत यायलाच हवं.

दंगलीनंतरच्या मुंबईत चित्रकार रुमाना हुसेन यांनी जे केलं ते सवड काढून बघा. 1992-93 मध्ये त्यांना कुटुंबासह काही काळ घर सोडून जावं लागलं. त्याआधी त्या कॅनव्हासवर रंगवायच्या. त्यानंतर फोडलेले मातीचे घट, आरसे, गेरू, नीळ अशा वस्तू त्यांच्या कामात आल्या. घराघरांत असणाऱ्या, कुणालाही ओळखता येणाऱ्या वस्तू. फुटका घट आरशावर ठेवला की तो काय सांगतोय हे समजायला बघणाऱ्याला कलेचा अभ्यास लागत नाही. पण तो घट कोणत्या वर्षी, कोणत्या शहरात, कुणी फोडला, हे कळलं की तो आणखी खोल जातो. तुमच्या भूमिकेचं काम एवढंच आहे. मुंबईतल्या बघणाऱ्याला धोटा ही चीज काय हे बहुधा ठाऊक नसेल. ते सांगा. बाकीचं तो बघेल.

चुन्यावर थोडं थांबते, कारण पत्रातली मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट ती आहे. ओला चुना जवळजवळ पारदर्शक असतो. तुम्ही हात फिरवलात तेव्हा मीटर, पीक (म्हणजे कापडाच्या इंचातले आडवे धागे), खाडे, उचल, सगळं तुम्हाला खालून स्वच्छ दिसत असणार. मग तो सुकत गेला, पांढरा पडत गेला आणि आप्पांच्या अक्षरातले आकडे तुमच्या डोळ्यांदेखत झाकले गेले. मजुरी मीटरवर, तीही पिकांच्या हिशोबानं. म्हणजे त्या पानांत त्यांचा प्रत्येक दिवस मोजलेला आहे. तुम्ही तो भिंतीवर मांडलात आणि झाकलातही. श्रमाबद्दल काम करणारे बहुतेक जण सगळं उघडं करून दाखवतात. तुम्ही झाकलंत, आणि ते त्यांच्या मानासाठी झाकलंत. मित्राच्या दीडशे शब्दांत याचा मागमूस नाही.

पण इथंच एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. ‘आप्पांना आवडली नसती’ असं तुम्ही लिहिलंय, याचा अर्थ तुम्ही त्यांना विचारलेलं नाही. काम मुंबईला जायच्या आधी विचारा. नीट, त्यांच्याशेजारी बसून, पानं दाखवून. मागाच्या आवाजात आयुष्य घालवलेल्या माणसाला अनेकदा ऐकू कमी येतं. तसं असेल तर घाईत, दारात उभं राहून विचारू नका. ते नको म्हणाले तर पानं काढावी लागतील, मग मांडणी बिघडली तरी बेहत्तर. नुसता चुना लावलेला असेल तर त्याचे कधी ना कधी पोपडे सुटतील आणि आकडे पुन्हा वर येतील. ते आज ना उद्या दिसणार, हे त्यांना ठाऊक असू द्या.

आणि तो मधला धोटा. तुम्हाला त्यांचं बोलणं लागलं असावं, कारण तुम्ही ते गृहस्थांच्या प्रश्नाशेजारी लिहिलंय. मला ते कामावर मिळालेलं सगळ्यांत नेमकं मत वाटतं. धोट्याच्या एका अंगाला सूत बाहेर यायची जागा असते, ती कोणत्या बाजूला हवी हे मागवाल्याला डोळे मिटूनही कळतं. तुम्ही आकार बघून लावलात, त्यांनी काम बघून वाचला. इचलकरंजीतला प्रत्येक जण तो तसाच वाचणार. मी असते तर सरळ केला असता, आणि स्वतः न करता त्यांच्याकडून करून घेतला असता. तुम्हाला मुद्दाम उलटाच हवा असेल तर ठेवा, तो तुमचा हक्क आहे. पण आता ते माहीत असून ठेवलेलं असेल, हे लक्षात घ्या.

भूमिका साधारण अशी होऊ शकते. शब्द माझे आहेत, ते उचलू नका, फक्त चाल बघा :

‘ही वाकळ माझ्या आईनं शिवली. अंगाला लागणारी तिची खालची बाजू मी वर आणली आहे. हे लाकडी धोटे यंत्रमागाचे. माग भंगारात गेले तेव्हा आप्पांनी ते घरी आणले. आई कांड्या भरायची, त्या अशाच धोट्यांत बसत. मी धोटे आणि कांड्या आईच्या टाक्यानं जोडल्या आणि दोरा पुढे प्लायवर नेला. कडेची पानं आप्पांच्या हिशोबाची आहेत : विणलेले मीटर, पीक, खाडे. त्यांच्या परवानगीनं मी ती लावली आणि चुन्यानं झाकली. मधला धोटा मी उलटा लावला होता. तो आप्पांनी सरळ करून दिला.’

यात ‘स्मृती’ नाही, ‘विस्थापन’ नाही, आणि तरी वाचणाऱ्याला दोन्ही पोचतात. मित्राला दुखवू नका, त्यानं मनापासून लिहिलंय. पण ते शब्द कुठल्याही कामाला लागू होतात, हाच त्यांचा दोष आहे. एक कसोटी सांगते. भूमिकेतलं प्रत्येक वाक्य दुसऱ्या कुणाच्या कामाखाली लावून बघा. तिथंही चाललं तर काढून टाका.

शीर्षकाखाली नुसतं ‘मिश्र माध्यम’ लिहून थांबू नका. पूर्ण लिहा : सुती वाकळ, लाकडी धोटे, कांड्या, हिशोबाच्या वहीची पानं, चुना, दोरा, प्लाय. ही यादीच निम्मी भूमिका असते. पुष्कळ लोक तेवढंच वाचतात आणि मग मागे होऊन पुन्हा चित्राकडे बघतात.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी काम टिकावं म्हणून थोडं सांगते. पानं फेव्हिकॉलनं चिकटवली असतील तर ती आता सहजासहजी सुटायची नाहीत, काढायची वेळ आली तर जाणकाराकडूनच काढून घ्या. पुढच्या कामात कागदासाठी गव्हाची खळ वापरा, ती पाण्यानं सुटते. सगळ्या पानांचे चांगल्या उजेडात फोटो काढून ठेवा, आणि वहीची उरलेली पानं फाडू नका. मुंबईच्या दमट हवेत वाकळीला कसर लागण्याची भीती असते, म्हणून काम पाठवण्याआधी मागची-पुढची बाजू मऊ ब्रशनं झाडून घ्या आणि प्लॅस्टिकमध्ये हवाबंद करून आठवडेच्या आठवडे ठेवू नका. धोट्यांची टोकं लोखंडी आहेत, पावसाळ्यात ती गंजणार आणि गंज वाकळीवर उतरणार. तो नको असेल तर टोकांना मेणाचा पातळ हात द्या. हवा असेल तर राहू द्या, पण गॅलरीला तसं लेखी कळवा, नाहीतर तिथलं कुणीतरी चांगल्या मनानं तो पुसून टाकेल.